साइड स्टँडची दोन बोटं

परतीचा पाऊस उघडला की आमच्याकडे सगळंच एका आठवड्यात अंगावर येतं. सोयाबीनच्या शेंगा दुपारच्या उन्हात तडकायला लागतात, पऱ्हाटीवर कापसाची पहिली बोंडं फुटतात, तूर कमरेच्या वर जाते आणि रस्त्याच्या कडेला जागा मिळेल तिथं लोक ताडपत्रीवर दाणा वाळवत बसतात. थ्रेशरच्या भुशानं नाक चुरचुरतं. काल शाळेतून घरी येताना दोन शेतांमधल्या धुऱ्यावर कोणाची तरी मोटारसायकल उभी दिसली. साइड स्टँडखाली चपटा दगड सरकवलेला. हे दिवस आले की बाकीच्यांना काय आठवत असेल ते असो. मला तो दगड पाहून गेल्या वर्षीचा सबंध हंगाम आठवला आणि जुना राग जसाच्या तसा वर आला.

मी बोरी अरबला शाळेत लिपिक आहे. याद्या करणं हे माझं कामही आहे आणि खोडही. किराण्याची यादी, पेरणीची यादी, घरातल्या कुठल्या वस्तूची दुरुस्ती कधी झाली त्याची वेगळी वही. प्रभाकरराव, म्हणजे माझे यजमान, या वहीला हसतात. पण तीन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या ट्रॉलीवरून पडून त्यांचा डावा पाय मोडला, गुडघ्यात सळई बसली, तेव्हा गोळ्यांच्या वेळा याच वहीनं सांभाळल्या. पाय बरा झाला, पण पुरता नाही. गुडघा अर्धाच वाकतो, घोट्यात जोर नाही, आणि त्या एका पायावर अंगाचा भार टाकला की चेहरा पांढरा पडतो.

हिंडू-फिरू लागल्यावर दीड वर्ष त्यांना शेतात मी नेलं. सकाळी शाळेच्या आधी माझ्या स्कूटीवर मागे बसवून सोडायचं, संध्याकाळी आणायचं. चार किलोमीटरची पांदण, दोन्ही बाजूंनी बाभळी, मधे बैलगाडीच्या चाकोऱ्या. सरपंचकीला उभा राहिलेला, दहा माणसांना कामाला लावणारा माणूस बायकोच्या मागे मुकाट बसून जायचा. एकदा वाटेत कोणीतरी हटकलं, "काहो प्रभाकरभाऊ, आज वहिनीनं सुट्टी देली का?" ते हसले. घरी आल्यावर जेवले नाहीत.

म्हणून ती गाडी. आमच्याच घरातली जुनी मोटारसायकल, त्यांच्या पायाप्रमाणे बदलून घेतलेली. बाजूला दोन चाकं लावायचं लोकांनी सुचवलं होतं, ते त्यांनी एका शब्दात मोडलं. आणि पांदणीच्या चाकोरीत ती चाकं अडकलीच असती, त्यामुळे मीही जोर केला नाही. दारव्ह्याला हमीदभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. फाटकं, ट्रॉल्या, डवरे, काय म्हणाल ते बनवतात. त्यांनी गिअरच्या दोन्ही टोकांना रुंद पट्ट्या जोडल्या, म्हणजे घोटा न वळवता अख्ख्या पावलानं गिअर दाबता यावा. मागचे शॉकअप्स काढून बुटके बसवले. सीटचा फोम कोरून खाली केला. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकले. प्रभाकरराव दुकानासमोरच्या रस्त्यावर एक चक्कर मारून आले तेव्हा त्यांचं तोंड मी दीड वर्षानं पाहिल्यासारखं वाटलं.

आणि मग गाडी स्टँडवर लावली, आणि ती हळूच उजवीकडे पडली.

कारण साधं होतं. गाडी खाली आली, स्टँड मात्र जुन्याच उंचीचं. त्यामुळे गाडी कलायच्या ऐवजी काठीसारखी ताठ उभी राहत होती. मधलं डबल स्टँड त्यांच्या उपयोगाचं नाही. ते लावायला एका पायावर उभं राहून दुसऱ्यानं रेटावं लागतं, आणि उभं राहायचा पाय नेमका तोच. उरलं साइड स्टँड. लोखंडाची एक वीतभर दांडी. तिच्यावर आमचं सगळं अडलं.

अडलं म्हणजे खरोखरच अडलं. आमच्या मुलीचं म्हणणं होतं की शेत मक्त्यानं, वर्षाच्या ठरलेल्या पैशावर, दुसऱ्याला कसायला देऊन टाका. माझी शाळा, तिची पुण्यातली नोकरी, शेताकडे पाहायला माणूस नाही. मी मधला मार्ग काढला आणि वहीत लिहून ठेवला: दिवाळीपर्यंत बाबांना एकट्यानं शेतात जाता-येता आलं तर शेत आपलं आपण करायचं, नाहीतर पाडव्याला मक्ता ठरवायचा. प्रभाकररावांनी ते वाचलं आणि वही मिटून ठेवली. तेव्हा मला वाटलं, मी फार समंजस तोडगा काढलाय.

हमीदभाईंनी स्टँड कापलं. "किती कापलं?" मी विचारलं.

"दोन बोटं."

"कोणाची बोटं?"

"माही, ताई. तुमची कायले कापू?"

मी वहीत लिहिलं: दोन बोटं, अंदाजे साडेतीन सेंटिमीटर. ते जास्त झालं. गाडी आता इतकी कलायची की स्वार झाल्यावर तिला सरळ करायला डाव्या पायानं रेटावं लागायचं. ते अंगणात बसायचे, रेटायचे, दात आवळायचे, मी हँडल धरून ओढायची. पुन्हा दारव्हा. एक बोट जोडलं. पुन्हा ताठ. पुन्हा दारव्हा. अर्धं बोट कापलं. त्या दांडीवर वेल्डिंगच्या इतक्या गाठी झाल्या की ती उसाच्या कांड्यासारखी दिसायला लागली.

त्या दिवसांची हवा मला अजून आठवते. दुपारी कडक ऊन, चार वाजता ढग, अर्धा तास पाऊस, की पुन्हा ऊन. काळ्या मातीतून वाफ निघायची आणि तिला मळणीतल्या ओल्या कुटाराचा वास. लोक दाणा झाकायला पळायचे, उघडायला पळायचे. आम्ही दोघं दारव्ह्याच्या रस्त्यावर. मी स्कूटीवर पुढे, ते त्यांच्या गाडीवर मागे, आरशात त्यांचं हेल्मेट बघत बघत मी चालवायची. त्यांना ते आवडायचं नाही. मागे वळून पाहिलं की ते हातानं 'पुढे बघ' म्हणून खुणावायचे.

तिसऱ्या खेपेनंतर मी ठरवलं की अंदाजपंचे काम बंद. गावातल्या गवंड्याकडून ओळंबा आणला. हँडलच्या मधोमध दोरी बांधून तो खाली सोडायचा आणि चाकाच्या रेषेपासून किती बाहेर पडतो ते मोजायचं. अंगणात फरशीवर एक मोजणी, दारासमोरच्या मुरमावर एक, मोकळी गाडी, टाकी भरलेली, मागे वीस किलोचं पोतं बांधून. चार रकाने आखले. प्रभाकररावांना खाली उतरवायचं, मी हँडल धरायचं, ओळंबा थांबेपर्यंत श्वास रोखायचा. शेवटी एक आकडा निघाला. तो कागद घेऊन मी हमीदभाईंकडे गेले.

त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "ताई, हा तं परीक्षेचा पेपर वाटून राह्यला."

"या मापानं करा. एवढंच आणि एवढंच."

"करतो. पन गाडी कागदावर नाही ना लावाची तुमाले."

मला राग आला, पण त्यांनी माझ्या मापानं केलं. आणि अंगणात गाडी उभी राहिली. छान, बेताची कललेली, सरळ करायला हलकी. मी दोन-तीनदा ढकलून पाहिली. हलली नाही. वहीत त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. संध्याकाळी प्रभाकररावांनी पहिल्यांदा एकट्यानं शेताकडे गाडी काढली आणि मी फाटकाशी उभी राहून बाभळीच्या पलीकडे आवाज जाईपर्यंत ऐकत राहिले.

ते परत आले ते चिखलानं भरलेले.

काळ्या मातीचं काय सांगायचं. ओली असली की तिच्यात स्टँडचं टोक सुईसारखं शिरतं. गाडी वाकते, वाकते आणि आडवी होते. वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, टोक त्या भेगेत. म्हणून तर सगळे चपटा दगड ठेवतात. पण दगड ठेवायला वाकावं लागतं. मी फळीचा तुकडा घेतला, त्याला सुतळी बांधली, सुतळी हँडलला. फळी टाकायची, तिच्यावर स्टँड, निघताना सुतळी ओढून वर. दुसऱ्याच दिवशी ते सुतळी ओढायची विसरले आणि अख्ख्या गावातून फळी फरफटत घेऊन आले. मागून लोक ओरडत होते, "ओ भाऊ, तुमचं काहीतरी येऊन राह्यलं मांगून!"

मग स्टँडला खाली तळहाताएवढी लोखंडी पट्टी लावली. हे डोकं माझंच. आता रुतणार नाही. रुतली नाही. पण पट्टीला माती चिकटली. उचललं की गोळा, टेकवलं की त्याच्यावर दुसरा गोळा. शेतातल्या शेतात चार ठिकाणी गाडी लावली की पट्टीखाली तीन बोटं जाड चिखल. म्हणजे जे स्टँड मी मिलिमीटरपर्यंत मोजून बनवलं, ते दर खेपेला आपोआप लांब होत होतं, आणि गाडी पुन्हा काठीसारखी ताठ. अंगणात मी ओळंबा लावला की आकडा बरोबर. शेतात आकडा रोज नवा. हमीदभाईंनी पट्टी पाहून कपाळाला हात लावला. "ताई, हे आपल्या मातीले भाकर थापाले परात देल्यासारखं झालं." त्यांनी ती काढून सळईचं कडं लावलं, बांगडीसारखं, चिखल मधल्या भोकातून वर निघतो, साचत नाही. हे मात्र टिकलं.

तरीही गाडी पडत होती. रोज नाही, दोन-तीन दिवसांनी. ते सांगायचे नाहीत. मला कळायचं ते इंडिकेटरवरून. माझ्या वहीत त्या पंधरवड्यात तीन नोंदी आहेत: उजवा इंडिकेटर बदलला. उजवा इंडिकेटर बदलला. उजवा इंडिकेटर, तिसऱ्यांदा, आणि पुढे दोन उद्गारचिन्हं. मी उद्गारचिन्हं टाकली. उजवाच का, हे विचारलं नाही.

दिवाळी आठ दिवसांवर आली. घरात आम्ही एकमेकांशी फक्त स्टँडबद्दल बोलत होतो, आणि तेही भांडल्यासारखं. "तुम्ही नीट लावत नाही." "मी नीटच लावतो." "मग पडते कशी?" "तुह्या ओळंब्याले इचार." मी मक्त्यासाठी एका माणसाशी बोलणं सुरू केलं. हे त्यांच्यापासून लपवलं नाही. उलट मुद्दाम त्यांच्यासमोर फोन केला. आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो. माणूस समोर दाण्यातले खडे निवडत बसला होता, आणि मी त्याच्या शेताचं चतुःसीमेसकट वर्णन करत होते.

पहिल्या वेचणीला आमच्याकडे सीतादही करतात. पऱ्हाटीच्या एका झाडाशी दहीभात ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं आणि मग वेचायला हात घालायचा. त्या दिवशी मी रजा घेतली होती. दहीभाताचा डबा घेऊन वेचणाऱ्या बायांबरोबर आधीच पोचले. प्रभाकरराव मागून येणार होते. दव वाळलेलं नव्हतं, कापूस हाताला गार लागत होता. कमलाबाई, जी आमच्याकडे वीस वर्षं वेचणीला येते, तिनं ओटी बांधता बांधता सहज विचारलं, "ताई, भाऊले उजव्या अंगाले स्टँड काहून नाई लावून देत तुमी?"

"उजवीकडे? स्टँड डावीकडे असतं, कमलाबाई."

"असते ना. पन भाऊ तं तिकून उतरते."

"कोण म्हणालं?"

"म्हनाचं काय त्यात? आमी रोजच पाह्यतो. गाडी त्यायच्याच आंगावर येते मंग. आमाले वाटलं, तुमाले ठाऊक आहे."

तेवढ्यात पांदणीत गाडीचा आवाज आला. माझे पाय सवयीनं तिकडे निघाले. कमलाबाईनं माझा हात धरला. "थांबा नं. पाहा."

मी पऱ्हाटीच्या आड उभी राहून पाहिलं. ते धुऱ्यावर आले, गाडी थांबवली, डाव्या पायानं चाचपडत स्टँड खाली ढकललं. गाडी डावीकडे टेकली. मग त्यांनी अंगाचा सगळा भार उजव्या पायावर घेतला, टाकीला हातानं धरून ते उजवीकडे उतरले, आणि ताठरलेला डावा पाय सीटवरून ओढत अलीकडे आणला. तो पाय सीटला घासला, गाडी त्यांच्या बाजूला ओढली गेली, स्टँडवरून उचलली गेली. त्यांनी ती पोटानं अडवली. क्षणभर माणूस आणि गाडी एकमेकांना रेटत उभे. मग गाडी जिंकली. ते सरकले, गाडी आडवी झाली. बाया वेचत राहिल्या. कोणी हसलं नाही. त्यांना हे रोजचं होतं. दोघी जणी मुकाट गेल्या, गाडी उभी करून दिली आणि पुन्हा आपल्या ओळीला लागल्या.

म्हणजे शेतातल्या सगळ्या बायांना माहीत होतं. फक्त मला नव्हतं.

"तुम्ही उजवीकडून उतरता?" मी जाऊन विचारलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

ते दचकले. मग म्हणाले, "मंग? डाव्या पायावर उभा राहू का?"

"घरी तर डावीकडून उतरता."

"घरी तू हँडल धरते, खांदा देते. तू डावीकून उभी राह्यल्यावर मी तिकूनच उतरन ना?"

"मग सांगायचं ना मला!"

"कधी सांगू? फाटक वाजलं का तू हजर. मी उतराच्या आंधी तुहा हात हँडलवर. आन तुह्या वहीत हे लिहाले रकाना तरी होता का?"

"आणि ते इंडिकेटर?"

"गाडी आंगावर आली तं मी सरकून जावो. इंडिकेटरले थोडीच सरकता येते."

कमलाबाई तोंडाला पदर लावून हसली. मला हसू आलं नाही. मी एवढी मोजमापं केली, फरशीवर, मुरमावर, पोतं बांधून, आणि प्रत्येक मोजणीत त्यांना खाली उतरवून घेताना मीच धरलेलं होतं. गाडीचा कल मी मोजला, पण माणूस उतरतो कसा हे एकदाही पाहिलं नाही. पाहायला लांब उभं राहावं लागलं असतं. दहीभात मी झाडाशी जवळजवळ आपटलाच, आणि ते रागानंच. त्यांच्यावरचा की स्वतःवरचा, ते तेव्हा कळत नव्हतं. आजही पूर्ण कळत नाही.

दुसऱ्या दिवशी दारव्हा. हमीदभाई भडकले. "मले कोनं सांगतलं? मले तं एवढंच, दोन बोटं कमी कर, एक बोट वाढव. मानूस कोन्या अंगानं उतरते हे सांगा ना आंधी!" उजव्या अंगाला सायलेन्सर होता, ब्रेक होता. सायलेन्सर वर उचलून बांधावा लागला, फ्रेमला नवा तुकडा जोडावा लागला. लांबी ठरवायची वेळ आली तेव्हा मी पर्समधून कागद काढला. हमीदभाईंनी बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं. "ताई, तुमी तिथं बसून चहा घ्या."

बाकावरून दिसत होतं. त्यांनी प्रभाकररावांना गाडीवर बसवलं आणि म्हणाले, "उतरा." ते उतरले. "बसा." बसले. "उतरा." थोडं कापलं, पुन्हा बसा, पुन्हा उतरा. पंधरा-वीस वेळा. कोणी धरलं नाही. मधे एकदा गाडी डुलली आणि मी बाकावरून अर्धी उठले. चहा साडीवर सांडला. गाडी त्यांच्या बाजूलाच कलत होती आता, जणू त्यांच्या अंगाशी येऊन थांबत होती, आणि उतरल्यावर तिथंच राहत होती. सरळ करायला उजवा पाय, जो धड आहे. किती बोटं कापलं ते मी विचारलं नाही.

मक्त्याच्या माणसाला मी फोन करून नाही म्हटलं. हा फोनही त्यांच्यासमोरच केला. त्यांनी मान वर केली नाही, खडे निवडत राहिले. पण त्या दिवशीपासून शेतात एकटे जातात, एकटे येतात. कधी जेवायच्या वेळेला येत नाहीत. मी घड्याळ पाहते, चिडते, फोन लावते, फोन उचलत नाहीत. आधी सोबत जायचा त्रास होता, आता वाट पाहायचा. यादीतलं एक काम कमी झालं असं मी म्हणू शकत नाही.

आणि सगळं काही सुरळीत झालंय असंही नाही. मागच्या आठवडी बाजाराला दारव्ह्याला गेलो होतो. गाड्यांची लांबच लांब रांग, सगळ्या डावीकडे कललेल्या, आणि मधे आमची एकटी उजवीकडे. शेजारच्या गाडीच्या आरशात आमचं हँडल घुसलं. ओळीच्या शेवटी लावा म्हणून मी हजारदा सांगितलंय, ते ऐकत नाहीत. त्या गाडीचा मालक आला, वैतागून म्हणाला, "काका, गाडी उलटी काहून लावली?"

"उलटी नाई बाप्पा," प्रभाकरराव म्हणाले, "तुमच्या सगळ्यायच्या उलट्या आहेत. माही सरळ आहे."

तो हसला आणि आरसा सोडवायला लागला. मी मात्र पिशव्या घेऊन उभी, कारण माझी अडचण वेगळीच. साडीवर मी तीस वर्षं डावीकडून बसत आले. आता उभ्या गाडीची डावी बाजू वर उचललेली असते, पाय फूटरेस्टला पोचत नाही. सुरुवातीला दोनदा चढायला गेले आणि दोन्ही वेळा पदर गिअरच्या त्या रुंद पट्टीत अडकला. आता चढत नाही. मेथीची जुडी, दोन पिशव्या, कांद्याचं पोतडं सांभाळत बाजूला थांबते. ते टाकी धरून उजव्या पायावर तोल घेतात, डावा पाय सीटवरून पलीकडे नेतात. तो दर वेळी घासतो. माझे हात भरलेले असतात ते बरंच. मग उजव्या पायानं जमीन रेटतात, गाडी हळूहळू वर येते. टाचेनं स्टँड मागे घेतात.

"बस आता," ते म्हणतात.

मग मी बसते.